रंगाचा टवका : लहान जखम, वेळीच उपचार

नवी मोटार दारात येते तो दिवस कोणत्याही कुटुंबाच्या आठवणीत राहतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. मध्यमवर्गीय घरात वास्तूखालोखाल मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते आणि तिच्यामागे अनेक वर्षांची बचत व पुढील अनेक वर्षांचे हप्ते उभे असतात. अशा गाडीच्या आरशासारख्या रंगावर पहिला टवका उडतो तेव्हा मनाला चटका बसणे स्वाभाविकच आहे. मात्र चटका बसून आपण थांबतो, पुढे काही करत नाही. हे 'काही न करणे' किती महाग पडते, याचा मी स्वतः घेतलेला अनुभव आणि त्यातून मिळालेली माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

काही वर्षांपूर्वी माझी बदली रत्नागिरीस झाली होती. एका सोमवारी पहाटे कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे परतत असताना पुढे खडीने भरलेला डंपर चालला होता. त्यावर ताडपत्री नव्हती. उशीर होऊ नये म्हणून मी त्याच्या अगदी मागे राहून पुढे जाण्याची संधी शोधत होतो. एवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. शाखेत पोहोचल्यावर पाहिले, तर बॉनेटच्या पुढच्या कडेवर मसुराच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. आमचे रोखपाल तेथेच उभे होते. ते म्हणाले, "साहेब, रंगाची लहान बाटली आणा, रविवारी दहा मिनिटांचे काम आहे." मी "बघू पुढे" म्हणालो. तो महिना मे होता.

जूनमध्ये कोकणातला पाऊस सुरू झाला. दिवाळीच्या स्वच्छतेत गाडी धुताना मसुराच्या जागी आठ आण्यांच्या नाण्याएवढा तपकिरी फुगवटा दिसला. नखाने दाबताच रंगाची खपली निघाली. पेंटरने रंग खरवडला तेव्हा गंज बाहेरून दिसत होता त्याच्या दुप्पट जागेत पसरलेला निघाला. पत्रा घासणे, लांबी भरणे आणि संपूर्ण बॉनेट पुन्हा रंगवणे यांचे बिल पाच हजार रुपये झाले. रोखपालांनी सुचवलेल्या बाटलीची किंमत तेव्हा चारशे रुपये होती.

टवका का उडतो?

मोटारीचा रंग आपल्याला एकसंध दिसतो, परंतु तो प्रत्यक्षात अनेक थरांचा असतो. पोलादी पत्र्यावर कारखान्यात प्रथम फॉस्फेटचा अतिशय पातळ लेप दिला जातो. त्यावर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर बसवतात. त्यावर मधला प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक, चमकदार असा 'क्लिअर कोट' असतो. या साऱ्या थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग असते. वहीच्या एका कागदाइतक्या जाडीच्या या कवचावर ऊन, पाऊस, धूळ आणि खडी यांच्यापासून पत्रा वाचवण्याची संपूर्ण जबाबदारी असते.

पुढील वाहनाच्या टायरच्या खाचांत अडकलेला किंवा रस्त्यावर सुटा पडलेला खडा मागे उडतो आणि आपली गाडी त्याच्यावर वेगाने जाऊन आदळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शालेय भौतिकशास्त्रातील नियम येथे लागू पडतो. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटरवरून ९० किलोमीटर झाला, म्हणजे दीडपट झाला, तर त्याच खड्याचा आघात सव्वादोन पट होतो. १२० किलोमीटर वेगास तो चौपट होतो. म्हणूनच बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या मागची बाजू, छताची समोरची कड आणि चाकांच्या कमानींलगतचा भाग येथे टवके अधिक आढळतात.

गंज आतून कसा पसरतो?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज सुरू होतो. त्यात मीठ मिसळले तर ही क्रिया वेग घेते. मुंबई, रत्नागिरी, पणजी, मंगळूर, चेन्नई, विशाखापट्टणम, पुरी अशा समुद्रकाठच्या गावांत राहणाऱ्या ग्राहकांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी, कारण तेथील दमट हवेतच क्षार असतात. कोरड्या हवेच्या प्रदेशात गंजाची गती मंद असते, पण तो टळत नाही. पहाटेचे दव आणि पावसाळा तेथेही असतोच.

गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे टवक्याच्या कडेखाली शिरलेला गंज भोवतालचा चांगला रंगही उचलून धरतो. उचललेल्या रंगाखाली आणखी पाणी झिरपते, तेथे आणखी गंज धरतो आणि रंग आणखी सुटतो. बाहेरून दिसणारा डाग लहान आणि आतील नुकसान मोठे, असे होते ते याच कारणाने. अलीकडच्या अनेक गाड्यांत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतात. त्यामुळे गंजास विलंब होतो, परंतु खड्याने जस्ताचा थरही भेदला असल्यास निश्चिंत राहता येत नाही.

संरक्षक थराचे महत्त्व पटवून देणारे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. दिल्लीतील मेहरौली येथे कुतुबमिनारच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर असूनही फारसा गंजलेला नाही. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानुसार त्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला आहे. मोटारीच्या पत्र्यावरील पहिला लेपही फॉस्फेटचाच असतो. फरक इतकाच की स्तंभाचा थर धातूतूनच निर्माण झाला आहे, तर आपल्या गाडीचा थर बाहेरून दिलेला आहे. तो एकदा निघाला की आपोआप भरून येत नाही.

प्रथम तपासणी, मग उपचार

टवका दिसताच गाडी स्वच्छ धुऊन, कोरडी करून, दिवसाच्या उजेडात त्याची खोली पाहावी. स्थूलमानाने टवक्यांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार वरवरचा. केवळ क्लिअर कोट दुखावलेला असतो, पांढुरका ओरखडा दिसतो, पण रंग शाबूत असतो. येथे घाई नाही. सौम्य पॉलिशने तो बराचसा झाकला जातो.

दुसरा प्रकार मध्यम. रंग उडून खालचा करडा किंवा फिकट प्रायमर दिसतो. पत्रा अजून झाकलेला असला तरी त्याचे कवच पातळ झाले आहे, हे जाणून काही आठवड्यांत दुरुस्ती करावी.

तिसरा प्रकार खोल. चकाकणारा धातू किंवा तांबूस ठिपका दिसतो. ही दुरुस्ती पुढच्या सुट्टीच्या दिवशीच करावी.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. बहुतेक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात. त्यांवरील टवका डोळ्यांना खुपतो, पण गंजत नाही. वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर आधी बॉनेट, छत, दरवाजे यांकडे पाहावे आणि बंपरचा विचार शेवटी करावा.

घरच्या घरी दुरुस्ती

लहान टवका कोणीही काळजीपूर्वक दुरुस्त करू शकतो. त्याची पद्धत क्रमाने पुढे दिली आहे.

१. रंगाचा क्रमांक शोधावा. नुसते 'पांढरा' किंवा 'चंदेरी' सांगून चालत नाही, कारण एकाच कंपनीच्या पांढऱ्या रंगातही अनेक छटा असतात. प्रत्येक गाडीच्या रंगास सांकेतिक क्रमांक असतो. तो चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालील पट्टीवर आढळतो. न सापडल्यास गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी. त्या क्रमांकाची 'टच-अप' रंगाची लहान बाटली आणावी. क्लिअर कोट वेगळा मिळत असल्यास तोही घ्यावा.

२. दिवस आणि जागा निवडावी. कोरडी हवा, सावली आणि मोकळी जागा हवी. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नये. तो वरून चटकन वाळतो आणि आतून ओला राहतो. या रंगांतील द्रावक ज्वालाग्राही असतात व त्यांची वाफ आरोग्यास अपायकारक असते. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये काम करू नये, जवळ उदबत्ती वा सिगारेट पेटती ठेवू नये आणि मुलांना दूर ठेवावे.

३. जागा स्वच्छ करावी. गाडी धुऊन वाळल्यावर टवक्यावरील मेण व तेलकटपणा काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याने लावून पुसावे. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. त्याने भोवतालचा चांगला रंग बिघडू शकतो.

४. सुटी खपली आणि गंज काढावा. टूथपिकने कडेची सुटलेली खपली हलकेच काढावी. गंज असल्यास ४०० ते ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकास चिकटवून केवळ टवक्याच्या आतच घासावे. तांबूस रंगाचा अंशही शिल्लक राहता कामा नये. गंजावर रंग लावणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय. संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि उतावीळपणे वगळली जाणारीही हीच.

५. धातू उघडा असल्यास प्रायमर लावावा. टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन तो टवक्याच्या मध्यभागी टेकवावा. थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो. तो पूर्ण वाळू द्यावा. ज्या टवक्यात कारखान्यातील प्रायमर शाबूत आहे, तेथे या पायरीची गरज नाही.

६. रंग पातळ थरांत भरावा. बाटली चांगली हलवून घ्यावी. धातूची किंवा मोत्याची झाक असलेल्या रंगांत ती झाक देणारे कण तळाशी बसलेले असतात. बाटलीतील ब्रश लहान टवक्यास बहुधा जाड पडतो, म्हणून टूथपिकच वापरावी. एकाच वेळी जाड थेंब न देता दोन ते तीन पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये बाटलीवर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. रंग वाळताना आकसतो. त्यामुळे शेवटचा थर भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित वर राहिला तरी चालेल. बाहेर गेलेला रंग ओला असतानाच पुसावा.

७. शेवटी क्लिअर कोट लावावा. तो वाळल्यावर गाडी निदान एक-दोन दिवस पावसापासून आणि धुण्यापासून दूर ठेवावी. त्या जागी मेण लावण्यापूर्वी सुमारे महिनाभर थांबावे. उंचवटा खुपत असल्यास आठवड्याभरानंतर २००० क्रमांकाच्या ओल्या पॉलिश पेपरने अलगद घासून पॉलिश करता येते. मात्र हात सरावाचा नसेल तर हा मोह टाळावा. एका टवक्याभोवतीचा चांगला क्लिअर कोट घासून काढणे हा तोट्याचाच व्यवहार ठरतो.

अशा दुरुस्तीकडून अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. जवळून पाहणाऱ्यास ठिपका दिसेलच, विशेषतः चंदेरी गाडीवर. आपला पहिला हेतू पत्रा झाकण्याचा आहे, तो साधला म्हणजे पुरे.

ऐन पावसाळ्यात टवका उडाला आणि कोरडा दिवस मिळत नसेल, तर ती जागा पुसून पूर्ण कोरडी करावी व तिच्यावर गाडीच्या मेणाचा जाडसर लेप द्यावा. प्रत्येक धुण्यानंतर तो पुन्हा द्यावा. हा केवळ तात्पुरता आडोसा आहे. उघडीप मिळताच मेण अल्कोहोलने पुसून वरील पद्धतीने दुरुस्ती करावी.

कारागिराकडे केव्हा जावे?

रंग फुगला असेल, टवक्यासोबत पत्र्यास पोचा पडला असेल, टवका बोटाच्या पेरापेक्षा मोठा असेल किंवा एकाच बॉनेटवर वीस-पंचवीस टवके असतील, तर घरगुती उपाय पुरे पडत नाहीत. अशा वेळी चांगल्या पेंटरकडे जावे आणि गंज पत्र्यापर्यंत घासून काढल्यावर, प्रायमर देण्यापूर्वी, ती जागा आपल्याला दाखवण्यास सांगावे. रंग चढल्यानंतर आत काय राहिले, हे कोणासही कळत नाही.

विम्याचा हिशेब

बॉनेटचे पाच हजारांचे बिल हाती आल्यावर माझा पहिला विचार होता, "विमा आहेच की!" पण गंज हा झिजेचा भाग मानला जातो आणि झीज विमा पॉलिसीत वगळलेली असते. गंज धरण्यापूर्वी, केवळ खड्याच्या आघातासाठी दावा केला असता तर काय झाले असते? आमच्या रोखपालांनी तो हिशेब एका कोऱ्या स्लिपच्या पाठीवर मांडून दाखवला. तो वाचकांनाही उपयोगी पडेल.

रंगकामाच्या दाव्यात रंगसामग्रीच्या किमतीवर ५० टक्के घसारा धरतात आणि एकत्रित बिल असल्यास सामग्रीचा वाटा २५ टक्के मानतात. म्हणजे ५,००० रुपयांच्या बिलात सामग्री १,२५० रुपयांची आणि घसारा ६२५ रुपये. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीस २,००० रुपये सक्तीने स्वतः सोसावे लागतात. लहान मोटारीच्या मालकास हाती येणार ३,३७५ रुपये.

आता दुसरी बाजू. दावा न केल्यास मिळणारी सवलत, म्हणजेच 'नो क्लेम बोनस', गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे क्रमाने २५, ३५, ४५ व ५० टक्के असते. समजा, हा हप्ता सवलतीपूर्वी ८,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांच्या पायरीवर आहात. एक दावा केला की सवलत शून्यावर येते. हप्ता तोच राहिला असे धरल्यास पुढील पाच नूतनीकरणांत आपण अनुक्रमे ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये अधिक भराल. एकूण १०,००० रुपये! ३,३७५ मिळवण्यासाठी १०,००० घालवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. घसारा माफ करणारे किंवा बोनस राखणारे जादा संरक्षण घेतले असल्यास आकडे बदलतील आणि बोनसची पायरी खालची असल्यास तोटाही कमी होईल. म्हणून दावा करण्यापूर्वी आपल्या पॉलिसीचे आकडे घेऊन हाच हिशेब स्वतः मांडावा. विमा मोठ्या संकटासाठी आहे. टवक्यासाठी बाटली पुरेशी आहे.

टवके टाळण्याचे उपाय

सर्वांत प्रभावी उपाय विनामूल्य आहे, तो म्हणजे अंतर. पुढील वाहन रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून आपण तेथे पोहोचेपर्यंत निदान तीन सेकंद जावेत. ताशी ८० किलोमीटर वेगास हे अंतर सुमारे ६६ मीटर होते. अपघात टाळण्यासाठी सांगितला जाणारा हा नियम रंगही वाचवतो. खडीने भरलेल्या उघड्या वाहनाच्या मागे रेंगाळू नये. सुरक्षितपणे पुढे जाता येत नसेल तर सरळ मागे राहावे. नुकतीच खडी टाकलेल्या रस्त्यावर वेग कमी करावा. चारही चाकांमागे मडफ्लॅप असावेत. पुढच्या चाकांमागील मडफ्लॅप आपल्या दरवाजांचे रक्षण करतात, मागील चाकांचे मडफ्लॅप आपल्या मागून येणाऱ्यांचे.

बाजारात पॉलियुरेथेनची पारदर्शक संरक्षक फिल्म मिळते. ती १५० ते २०० मायक्रॉनच्या आसपास जाड असल्याने खड्याचा आघात बराच झेलते. संपूर्ण गाडीस ती खर्चिक पडते, परंतु केवळ बॉनेटच्या पुढच्या भागापुरती लावणे अनेकांना परवडू शकते. 'सिरॅमिक कोटिंग' मात्र अगदीच पातळ असते. त्याने चमक राहते आणि धुणे सोपे होते, पण खडा अडत नाही. विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून या दोहोंत गल्लत करू नये.

थकीत हप्ता आणि टवका

बँकेतील सहकाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. कर्जखात्यातील रक्कम ३० दिवसांपर्यंत थकली तर ते खाते 'एसएमए-०' होते, ३१ ते ६० दिवसांत 'एसएमए-१', ६१ ते ९० दिवसांत 'एसएमए-२' आणि त्यापुढे अनुत्पादक कर्ज. पहिल्या आठवड्यात ग्राहकाला केलेला एक दूरध्वनी जे काम करतो, ते चौथ्या महिन्यात नोटिसांची चळत करू शकत नाही. आपण ग्राहकांना हे दररोज समजावून सांगतो. मीही सांगत होतो आणि त्याच काळात माझ्या बॉनेटवरचा टवका मे ते ऑक्टोबर थकीत राहिला होता!

कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते, परंतु तिची निगा राखणे कर्जदाराच्याच हाती असते आणि त्याचा लाभही त्यालाच होतो. गाडी विकताना जाणता खरेदीदार प्रथम बॉनेटच्या कडा आणि दरवाजांच्या खालच्या पट्ट्या पाहतो. तेथे गंज दिसला की न दिसणाऱ्या जागी काय असेल, अशी शंका त्याच्या मनात येते आणि भाव उतरतो.

आमचे रोखपाल दर रविवारी गाडी धुतल्यावर एक प्रदक्षिणा घालून टवके पाहत असत. आता मीही तसेच करतो. गाडीच्या कागदपत्रांसोबत रंगाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे आणि बाटली घरातील कपाटात सावलीत आहे. वाचकांनीही येत्या रविवारी अशी एक प्रदक्षिणा घालावी. टवका आढळलाच, तर पुढच्या पावसाची वाट न पाहता तो भरून टाकावा.